विषय: ट्रकच्या एसीचा कॉम्प्रेसर बसवला तुम्ही, ड्रायर बदलला नाही तुम्ही, आणि वॉरंटी रद्द माझी

कस्टमर केअर हेड,

जॉब कार्ड, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. ते बघून मगच उत्तर द्या, कारण आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी फोन उचलला त्यातल्या एकानेही ते उघडायची तसदी घेतलेली नाही.

गाडी म्हणजे ट्रक, २०१३ चा, तुमच्याच कंपनीचा, एसी पण कंपनी फिटेड. कॉम्प्रेसर जाम झाला, बेल्ट जळाल्याचा वास केबिनभर, म्हणून कळंबोलीजवळच्या तुमच्या ऑथोराइज्ड वर्कशॉपला गाडी लावली. बाहेरच्या एसीवाल्याने बरंच स्वस्तात केलं असतं, पण ओरिजिनल पार्ट, पक्कं बिल, सहा महिने वॉरंटी, म्हणून तुमच्याकडे आलो. नवीन कॉम्प्रेसर टाकला, एसीचा १३४ए गॅस भरला, गाडी दिली. वॉरंटीचा निम्मा काळ पण झाला नाही आणि हाही जाम.

दुसऱ्यांदा एसीची लाइन खोलली तेव्हा मी तिथेच उभा होतो. तुमच्या पोराने होज काढून आत वेस्ट कापड फिरवलं तर त्याच्यावर राखाडी चिकट लगदा आला, चिमटीत घेतला तर कचकच लागते, म्हणजे पहिल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा तसाच आत फिरत होता. मग ड्रायर बघितला, लाइनमधली ओल आणि कचरा धरणारा डबा. त्याच्या नटावर फॅक्टरीत मारलेला पिवळ्या रंगाचा मार्क जसाच्या तसा, कुठे टवका पण उडालेला नाही. म्हणजे त्या नटाला २०१३ पासून कुणाचा पाना लागलेलाच नाही. फोटो क्रमांक ३ आणि ४ मोठे करून बघा.

कॉम्प्रेसर जाम होऊन गेला की चुरा सगळ्या लाइनमध्ये जातो, फ्लशिंग करावं लागतं, म्हणजे लाइन आतून धुवावी लागते, ड्रायर आणि गॅसचा दाब कमी करणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवीन टाकावा लागतो, गॅस थंड करणारी जाळी म्हणजे कंडेन्सर, तो बारीक नळ्यांचा असेल तर तो फ्लश मारून पण धड साफ होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही एसीवाल्या गाड्या बनवता. लाइन उघडी पडली की ड्रायर हवेतली ओल पितो, मग आत ॲसिड तयार होतं, हे पण तुम्हाला माहीत आहे. बिलात काय आहे बघा: कॉम्प्रेसर असेंब्ली, गॅस, लेबर. ड्रायर नाही, फ्लशिंग नाही, जोडांच्या रबरी ओ-रिंग पण नाहीत. गॅस भरायच्या आधी लाइनमधली हवा आणि ओल ओढायला व्हॅक्युम तरी मारला होता का देव जाणे.

आता शेवटच्या फोनचं सांगतो, त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय. बऱ्याच बदल्या करून मला तुमच्या 'टेक्निकल सिनियर'ला जोडलं. तो म्हणाला, सर सिस्टिममध्ये ड्रायर रिप्लेसमेंट दिसत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरची वॉरंटी व्हॉइड. मी म्हटलं, बरोबर, बदललाच नाही तर दिसणार कसा, पण बदलायचा कोणी? तर म्हणे, कस्टमरने. मी म्हटलं, कस्टमर म्हणजे मी, मी काय पाना घेऊन तुमच्या गाडीखाली झोपायचं होतं? म्हणे, तसं नाही सर, तुम्ही अप्रूव्हल दिलं नाही. मी विचारलं, मागितलं होतं का, एस्टिमेटमध्ये लिहिलं होतं का? म्हणे, ते वर्कशॉपला माहीत. वर्कशॉप म्हणतं ते कंपनीला माहीत. मग होल्डवर टाकलं, ती बाई सांगत राहिली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, बराच वेळ महत्त्वाचा होता. परत आल्यावर आवाज एकदम मऊ. "काका, एक पर्सनली सांगू का, गाडी आता जुनी झाली, आणि ट्रकला एसी लागतोच असं काही नाही, काचा खाली केल्या की हवा येते, आधीचे लोक चालवायचेच ना." वर विचारतो, "अजून काही मदत करू शकतो का?" अजून काही! फोन ठेवला आणि लगेच मेसेज, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद केली आहे, कृपया रेटिंग द्या.

काचा खाली करा म्हणे. एकदा मे महिन्यात दुपारी उरणच्या पोर्टबाहेर कंटेनरच्या लाइनीत बसा, खाली इंजिन तापलेलं, बाजूला दुसऱ्याचा सायलेन्सर, आणि मग काचा खाली करून दाखवा. तळोजा एमआयडीसीतल्या केमिकलच्या वासातून करून दाखवलीत तर मी तुम्हाला चहा पाजतो. सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३, म्हणजे साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली ती काय ड्रायव्हरचे लाड म्हणून? तुमच्याच शोरूमबाहेर फ्लेक्स लागलाय ड्रायव्हरच्या आरामाची काळजी घेतो म्हणून. जुन्या गाडीचा ड्रायव्हर बहुतेक त्याच्यात येत नसावा.

परत सांगतो, ड्रायर तुमच्या वर्कशॉपने बदलला नाही, आणि तोच बदलला नाही म्हणून तुम्ही वॉरंटी नाकारताय. हे वाक्य तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी मोठ्याने वाचा.

माझा मेहुणा नवीन गाडी घेतोय, तुमचीच बघत होता, मीच सांगितलं होतं. आता समोरच्या शोरूमला त्याला मीच घेऊन जाणार आहे.

मला पाहिजे ते साधं आहे. नवीन कॉम्प्रेसर, ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, कंडेन्सर, पूर्ण फ्लशिंग, सगळं लेबरसकट तुमच्या खर्चाने. या महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग. तिथे 'ही कमर्शियल गाडी आहे, हा ग्राहकच नाही' असं तुमचा वकील म्हणेल, मला कल्पना आहे. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा पण ग्राहकच धरलाय, आणि माझी एकच गाडी आहे, मीच चालवतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण लागत नाही, त्यामुळे घाबरायचं काम मला नाही.

आणि दोन्ही जुने कॉम्प्रेसर वर्कशॉपमध्ये पडलेत ते स्क्रॅपला घालू नका. ते माझे आहेत, आयोगात दाखवायला लागतील. फोन नको, जे काय असेल ते लेखी द्या.

तुमचा ग्राहक
(नाव, गाडी नंबर जॉब कार्डवर आहे)