एक हिशेब, दोन यंत्रे: हर्णैहून एक आभारपत्र

हर्णै, तालुका दापोली

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही घालायचे नाही, असे तुम्ही बजावले आहे आणि ते मी पाळतो. तरीही पत्र खुले ठेवले आहे, कारण बंदरावरच्या किंवा बागेतल्या व्यवहारासाठी एकट्याने प्रोग्राम लिहिणारे माझ्यासारखे अनेक जण या किनाऱ्यावर आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही माहेरी आलात, तेव्हा माझ्या लिलावाच्या प्रोग्रामवरून आमच्या मच्छीमार संस्थेत कुरबुर सुरू झाली होती. संध्याकाळी किनाऱ्यावर टोपल्यांचे भाव बोलले जाऊ लागले की मोबाइलची रेंज नेमकी तेव्हाच दगा देते. म्हणून पावतीचा हिशेब टॅबलेटवरच्या ब्राउझरने जागेवरच करायचा आणि रेंज आल्यावर सर्व्हरने तोच हिशेब पुन्हा करून खतावणीत चढवायचा, अशी मी रचना केली होती. ब्राउझरचा भाग जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत होता आणि सर्व्हरचा पायथन या दुसऱ्या भाषेत. मांदेलीची टोपली २५० रुपयांना गेली की ५ टक्के कमिशन १२ रुपये ५० पैसे होते. पूर्ण रुपयात आणताना जावास्क्रिप्ट त्याचे १३ करी आणि पायथन १२, कारण पायथन ३ मध्ये बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेली जाते. फरक एका रुपयाचा, पण तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, हातात एक आकडा आणि कार्यालयात दुसरा, असे रोज घडू लागले की रुपयाची किंमत रुपयाएवढी राहत नाही. कोणी उघड बोलले नाही. मात्र पावत्या जपून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि मला तेच अधिक लागले.

माझी अपेक्षा होती की तुम्ही चुकीची ओळ दाखवाल आणि मी ती सुधारेन. पडवीत बसून दोन्हीकडच्या प्रोग्रामचा मजकूर वाचून झाल्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, की हा नियम दोनदा का लिहिला आहे. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत सगळे नव्याने लिहायचे ठरले आणि त्यासाठी तुम्ही ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा सुचवलीत. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत १९९६ साली आकाराला आलेली आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिनबरा येथे विकसित केलेल्या एमएल भाषेच्या कुळातली ही भाषा मी तोवर केवळ नावाने ऐकली होती. तिचा एक कंपायलर, म्हणजे लिहिलेला मजकूर तपासून यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम, सर्व्हरसाठी थेट यंत्रसंकेतातील फाइल तयार करतो. आणि जेएस ऑफ ओकॅमल हे साधन त्याच मजकुराच्या बाइटकोडपासून, म्हणजे मधल्या टप्प्यातील संकेतापासून, ब्राउझरला चालणारे जावास्क्रिप्ट बनवते. कमिशन, वाटणी, डिझेल आणि बर्फाची कपात हे सारे नियम एका सामाईक लायब्ररीत एकदाच लिहायचे आणि ड्यून या बांधणीच्या साधनाने तिच्यावरून दोन प्रोग्राम काढायचे, ही तुमची मांडणी ऐकायला सोपी होती. आत्मसात करायला मात्र जून महिना पुरता खर्ची पडला. एकदा दिलेले मूल्य बदलायचे नाही, बदल हवा तर नवे मूल्य तयार करायचे, ही सवय मला लागेना. तेव्हा तुम्ही म्हणालात की संस्थेच्या वहीत खाडाखोड चालत नाही, उलट नोंद घालावी लागते, तेच इथे करा. त्यानंतर मला ती गोष्ट पुन्हा विचारावी लागली नाही.

सर्वाधिक ऋण मी मानतो ते एका छोट्या सूचनेसाठी. टोपलीची स्थिती मी प्रकारांत मांडली होती: विकली गेलेली, न लागलेली, उधारीची, परत आलेली. प्रत्येक ठिकाणी त्यांपैकी दोन प्रकार हाताळून उरलेल्यांसाठी मी अधोरेषा टाकून मोकळा होत असे. तुम्ही त्या सगळ्या अधोरेषा काढायला लावल्यात, कारण त्या कंपायलरचे तोंड बंद करतात. मला तो काटेकोरपणा तेव्हा अतिरेकी वाटला, हे आज कबूल करतो. ऑक्टोबरमध्ये संस्थेने दोन गिऱ्हाइकांनी भागीत घेतलेल्या टोपलीसाठी वेगळी पावती मागितली. मी पाचवा प्रकार जोडला आणि बांधणी अडली. कंपायलरने अकरा जागा दाखवल्या आणि प्रत्येक ठिकाणी कोणता प्रकार राहून गेला आहे तेही सांगितले. त्यांतल्या तीन मला स्वतःहून सुचल्याच नसत्या. अकरावी जागा दुरुस्त झाली त्या रात्रीच नवी पावती चालू झाली आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून एकही फोन आला नाही.

तुमचे न ऐकल्याची शिक्षाही मला मिळाली, आणि तीही इथे लिहितो. पैशांचे आकडे साध्या पूर्णांकात ठेवू नका, असे तुम्ही सुरुवातीलाच सांगितले होते. सर्व्हरवर ओकॅमलचा साधा पूर्णांक ६३ बिटांचा असतो, त्यामुळे मी निर्धास्त होतो. जेएस ऑफ ओकॅमलने काढलेल्या जावास्क्रिप्टमध्ये तो ३२ बिटांचा होतो, हे मी वाचूनही विसरलो. मी सर्व रकमा पैशांत साठवत असल्याने ब्राउझरमधील हंगामाची बेरीज २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांच्या, म्हणजे ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या, पुढे सरकताच उणे झाली. अध्यक्षांनी शांतपणे विचारले की आता आपणच दर्याचे देणे लागतो काय. सर्व्हरवरचा आकडा अचूक होता, म्हणजे एकाच मजकुरातून निघालेली दोन यंत्रे पुन्हा वेगळी बोलत होती, आणि या वेळी दोष भाषेवर ढकलायची सोय नव्हती. रात्री साडेदहाला तुम्ही फोन घेतलात, एक शब्दही टोचून न बोलता रकमांसाठी ६४ बिटांचा स्वतंत्र प्रकार करायला लावलात आणि तो साध्या पूर्णांकात मिसळू लागला तर कंपायलरच अडवेल याची खात्री करून घेतलीत. होडीचे नाव वीस बाइटवर कापल्याने छापील पावतीत शेवटचे अक्षर चौकोन होऊन येत होते, तेही त्याच फोनमध्ये सुटले. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, एवढे लक्षात ठेवले असते तर पुरे होते.

या भाषेची वाखाणणी करताना तुम्ही कधी तिचे दोष लपवले नाहीत, म्हणून मीही लपवत नाही. दापोलीत ओकॅमल येणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी आजारी पडलो तर प्रोग्राम कोण पाहील, हा संस्थेचा प्रश्न रास्त आहे. शिवाय कंपायलर जे एकत्र बांधले गेले तेवढेच तपासतो: एखाद्या टॅबलेटमध्ये आठवड्यापूर्वीचा प्रोग्राम साठून राहिला, तर त्याची जुन्या धर्तीची पावती नव्या सर्व्हरकडे येणारच. म्हणून प्रत्येक पावतीबरोबर आवृत्तीचा क्रमांक पाठवण्याचा आग्रह तुम्ही धरलात, आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्याची गरज पडली.

सर्व्हरवर आता एकच फाइल चढवावी लागते. पूर्वी यंत्रावरची पायथनची आवृत्ती बदलली की माझी एक रात्र जात असे. त्या रात्री परत मिळाल्या, त्याबद्दल घरच्यांनीही तुम्हाला वेगळा नमस्कार कळवायला सांगितला आहे.

संस्थेतील पावत्या लिहिणाऱ्या मुलाने गेल्या महिन्यापासून माझ्याजवळ बसून ओकॅमल शिकायला घेतले आहे. काल त्याने एका ठिकाणी अधोरेषा टाकली होती. मी तुमचे नाव न घेता तुमचेच वाक्य त्याला ऐकवले आणि त्याने ती खोडून उरलेले सगळे प्रकार लिहून काढले. मे महिन्यात याल तेव्हा त्याचा मजकूर तुम्ही एकदा वाचावा, एवढी विनंती आहे. पडवीतली तुमची जागा आणि हापूसची पेटी दोन्ही राखून ठेवतो.

आपला कृतज्ञ,
बंदरावरचा हिशेबनीस प्रोग्रामर