माफ की निर्लेखित?

शरणपूर रोड, नाशिक
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय मित्रा,

सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत तुझं नाव नाही, हे ऐकून ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अरेरे, ज्यांनी शिकवलं त्यांनाच विसरले." मला मात्र आधी हसू आलं. राग मानू नकोस. चार वर्षं तू त्या पोराची फी भरलीस, होस्टेलचा खर्च केलास, स्वतःची स्कूटर विकलीस, आणि शेवटी घायाळ झालास तो एका ओळीच्या छपाईने. हसू आलं, कारण गेले तीन महिने मी ह्याच आजाराने अंथरुणाला खिळलोय. माझी गोष्ट सांगतो, मग तुझ्याकडे येतो.

दिंडोरीकडचा माझा मावसभाऊ तुला माहीत आहे. आपण शाळेत असताना उन्हाळ्यात त्याच्या मळ्यावर विहिरीत पोहायला जायचो, तोच. गेल्या वर्षी द्राक्षबागेच्या छाटणीच्या वेळी औषधांना आणि मजुरीला पैसे कमी पडले म्हणून तो आला. मी 40,000 दिले. कागद नाही, व्याज नाही. घरातल्या घरात कसला कागद? पण एकतीस वर्षं पतसंस्थेच्या वसुलीत काढलेला माणूस मी. तो जिना उतरेपर्यंत माझ्या वहीत तारीख, रक्कम, नाव, सगळं चढलं होतं.

सप्टेंबरअखेर छाटलेली बाग दिवाळी सरता सरता ऐन फुलोऱ्यात होती, आणि चार दिवस पाऊस लागला. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आधी डावणीचा रोग शिरला, मग घड कुजले. पाचव्या दिवशी मी बघायला गेलो तर तो मांडवाखाली उभा होता आणि घडाला नुसता हात लावला की सगळं भुरभुर खाली येत होतं. माझ्याशी बोलला नाही. मीही पैशांचं बोललो नाही, आणि त्याबद्दल परतीच्या एसटीत स्वतःची पाठ थोपटून घेतली, हेही कबूल करतो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्या मंडळीत कापणीचा सण होता. वेदीपुढे नेहमीसारखी रास लागली होती: कोबी, गव्हाच्या लोंब्या, ऊस, अंडी, कुणीतरी आणलेला जिवंत कोंबडा. हा गडी एक डांगर खांद्यावर घेऊन आला. उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा उठला आणि म्हणाला, "बाग गेली. घरातली माणसं धडधाकट आहेत. बांधावर कुणी न लावलेलं हे डांगर आलं होतं, ते आणलंय. प्रभूचे उपकार." बसला. संपलं.

मी कान टवकारून बसलो होतो रे. वाटत होतं, आता पुढचं वाक्य येईल: "आणि आमच्या दादाने अडचणीत मदत केली." आलं नाही. देवाचं नाव आलं, डांगराचं आलं, माझं नाही. उपासनेनंतर लिलाव झाला. पन्नासपासून सुरू झालेलं डांगर एका बाईंनी सातशेला घेतलं आणि रिवाजाप्रमाणे परत लिलावाला ठेवलं. दुसऱ्यांदा मी घेतलं, नऊशेला. का घेतलं? त्याने बघावं म्हणून. त्याने बघितलंही नाही. तो मागे कुणाच्या तरी पोराला कोंबडा दाखवत होता.

डांगर घरी आलं. दोन दिवस घाऱ्या झाल्या. गोड लागल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी बायबलमधला मत्तयाचा अठरावा अध्याय काढला. त्या निर्दय चाकराचा दाखला, धन्याने ज्याचं मोठं देणं माफ केलं आणि ज्याने बाहेर पडताच छोट्या येण्यासाठी सोबत्याचा गळा धरला, तो आपण लहानपणापासून ऐकतोय, पण धंद्यातल्या माणसाच्या डोळ्यांनी मी तो कधी वाचला नव्हता. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. एका तालांतात साधारण सहा हजार दीनार. चाकराचं धन्याकडे देणं दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आपल्याकडे बागेतला रोज 500 धर: तीन हजार कोटी रुपये. एवढ्या रकमेचा कर्जदार आमच्या संस्थेत असता तर चेअरमनसकट सगळे फरार झाले असते. आणि त्या चाकराचं सोबत्याकडे येणं किती? शंभर दीनार. पन्नास हजार रुपये. ही काही फुटकळ रक्कम नव्हे, हे ध्यानात घे. तीन-चार महिन्यांची मजुरी आहे. येशूने तिला किरकोळ केलं नाही. तुझी स्कूटरही किरकोळ नव्हती. मग मी माझा आकडा मांडला. चाळीस हजार भागिले पाचशे. ऐंशी दीनार. मी ऐंशी दीनारांसाठी भावाचा गळा धरून बसलो होतो. फरक इतकाच, की हात खिशात ठेवून.

म्हणून मग वही काढली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, "येणे नाही." सही केली. प्रार्थनेत सांगूनही टाकलं. आणि पुढच्याच रविवारी तो नव्या चपला घालून देवळात आला, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? "चपलांना आहेत पैसे."

इथे मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट उमगली. बाहेरच्या माणसाला वाटतं, कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं. तसं नसतं. निर्लेखन म्हणजे ताळेबंदातून रक्कम काढणं, पुस्तक स्वच्छ दिसावं म्हणून. वसुली चालूच राहते. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला तसाच, जामीनदाराच्या दारात चकरा तशाच. माफी वेगळी; माफीत कर्जदार मोकळा होतो. मी त्याला निर्लेखित केलं होतं. पुस्तक माझं स्वच्छ, आणि वसुली चालू: रुपयांची नाही तर मान खाली घालण्याची, नाव घेण्याची, जुन्या चपला घालण्याची. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे" हे प्रभूच्या प्रार्थनेतलं वाक्य मी सहा वर्षांचा असल्यापासून रोज म्हणतोय. 'ऋण' हाच शब्द आहे तिथे, माझ्या रोजच्या भाकरीचा शब्द, आणि साठी उलटेपर्यंत मला तो दिसला नाही.

मधल्या काळात लेकीने एक सुंदर डायरी पाठवली. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांबद्दल आपण कृतज्ञ आहोत. तिच्याकडे सगळे लिहितात म्हणे. मी चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी रकाने पाडून बेरीज करायला लागलो, तेव्हा बायकोने डायरी काढून घेतली. आता तिच्यात दूधवाल्याचा हिशेब असतो. ज्यांना जमतं त्यांनी जरूर लिहावी, पण माझ्या हातात वही दिली की ती खतावणीच होते.

खरं म्हणजे आपली भाषाच बघ ना. आभार, त्यात भार. उपकार, ते फेडायचे. नवस, तोही फेडायचा. आज नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा होती. मी सकाळी सहज जाऊन आलो. रांग लांबच लांब, हातात मेणबत्त्या, सगळ्या जातिधर्मांची माणसं, आणि जो तो म्हणतोय, "फेडायला आलोय." मी त्यांना हसत नाही, त्यांच्यातला श्रद्धेचा भाग माझ्यापेक्षा मोठाच असेल. पण आमचे पाळक एकदा म्हणाले होते ते रांगेकडे बघताना आठवलं. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये कृपेला 'खारिस' म्हणतात आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. एकाच मुळाचे शब्द. म्हणजे जे मिळालं त्याचाच तो प्रतिध्वनी, परतफेड नव्हे. मराठीत मला त्यासाठी शब्द सापडत नाही. तू भाषेचा मास्तर, तुला सापडला तर कळव.

आणि बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." स्थितीत, स्थितीबद्दल नाही. बाग कुजल्याबद्दल आभार मान असं माझ्या भावाला कुणी सांगितलं असतं तर मीच त्याला डांगर फेकून मारलं असतं. तो कुजलेल्या बागेत उभा राहून डांगराबद्दल बोलला. मी मात्र त्याच्या साक्षीत माझं नाव शोधत होतो.

आता डब्याची गोष्ट. जानेवारीत बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, हे फोनवर बोललोच होतो. ती घरी आली त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या ताई दोन्ही वेळचा डबा पाठवू लागल्या. तिच्यासाठी मुगाची खिचडी, माझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि भरीत. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यात राजगिऱ्याचे लाडू घातले, दुसऱ्या दिवशी केक, तिसऱ्या दिवशी चिक्की, मग संत्री. आठव्या दिवशी ताई स्वतः खाली आल्या. हातात तोच स्टीलचा डबा, झाकणाला पोचा आलेला. म्हणाल्या, "भाऊ, मी खानावळ उघडलीय का? आमच्या घरात दोघांनाही साखर आहे. तुमचे लाडू मी वॉचमनच्या पोरांना देते. एकदा तरी डबा नुसता घासून पाठवा." मी ओशाळलो. त्या गेल्यावर बायको पलंगावरून म्हणाली, "तुम्हाला कुणाचं काही घेताच येत नाही. देता येतं, तेही पावती फाडून."

टाके दुखत असताना इतकं हसू नये, पण ती हसली.

तर, जो स्वतः रिकामा डबा परत पाठवू शकत नाही, तो भावाकडून भरलेल्या डब्याची वाट बघणारच. हे दोन्ही एकच आहे हे मला ताईंनी शिकवलं, आणि त्या कधी चर्चची पायरीही चढलेल्या नाहीत.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आठव. लूक, सतरावा अध्याय. येशूने दहाही जणांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असं येशूने विचारलं. म्हणजे त्यालाही ते जाणवलं, जाणवू नये असं काही नाही. तुझ्या मनाला लागलं हे पाप नव्हे. पण त्या नऊ जणांचं कुष्ठ परत आलं असं लूकने कुठेही लिहिलेलं नाही. ते बरेच राहिले. घरी गेले असतील, बायकापोरांना भेटले असतील, जेवले असतील. मी ही गोष्ट शंभरदा शिकवली असेल संडे स्कूलमध्ये, आणि दर वेळी पोरांना विचारलं, "तुम्ही एकासारखे व्हाल की नऊसारखे?" त्या नऊ जणांना जे दिलं ते दिलंच, हे एकदाही सांगितलं नाही.

आपल्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट आठवतो का? गुलामीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं इथे शिकायची, त्यांतला. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा वेनराइट आणि त्याच्या सोबत्यांना त्याला तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. धनी मेला होता, बघणारं कुणी नव्हतं. वेनराइटने दफनाची प्रार्थना वाचली, काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं, आणि देह त्यांनी कित्येक महिने खांद्यावर वाहत समुद्रकिनाऱ्याला आणला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा त्या वाहणाऱ्यांपैकी हजर होता एकटा वेनराइट. बाकीच्यांची नावं पत्रिकेत नव्हती म्हण ना. आपण हे पोरांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. शरणपूर म्हटलं की आता लोकांना सिग्नल आठवतो.

तर तुझा पुतण्या. त्याला काही बोलू नकोस असा सल्ला मी देणार नाही. मावसभावाशी मीही अजून मोकळं बोललेलो नाही. आणि खरं सांगायचं तर माझं पुस्तक अजून पुरतं बंद झालेलं नाही. गेल्या मंगळवारी त्याचा फोन आला. एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे, दहा हजार कमी पडताहेत, "दादा, जमेल का?" मी म्हटलं, "बघून सांगतो." फोन ठेवला आणि हात आपोआप वहीकडे गेला. बायको बघत होती. वही कपाटातच राहिली. अजून त्याला कळवलेलं नाही. हे पत्र टाकायला जाईन तेव्हा बहुधा बँकेतही जाईन. बहुधा.

लग्नाला तू जाणार असलास तर कळव. मी सकाळची गाडी धरून येतो. मला कुणी पत्रिका पाठवलेली नाही, त्यामुळे आपण दोघं मागच्या बाकावर बसू आणि बिर्याणी चापू. आहेराच्या पाकिटावर नाव लिहायचं की नाही, ते तिथे गेल्यावर ठरवू.

ताईंनी आज पुन्हा डबा पाठवला होता, शेवग्याच्या शेंगांची आमटी. बायको आता हिंडती-फिरती आहे, तरी पाठवला. घासून पालथा घातलाय ओट्यावर. सकाळी तसाच द्यायचा आहे. शेजारीच तिळाच्या वड्यांची बरणी आहे, ती मी आत्ताच उचलून वरच्या फळीवर ठेवली.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वसुलीवाला