पेट्रोलमधले साडेतीन पैसे

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पंपाच्या पावतीवर जो हिशेब छापत नाहीत, त्याबद्दल लिहितो आहे. 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरमागे 32 रुपये 90 पैसे होता. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकी सारे उपकर आणि अधिभार, म्हणजे मूळ करावर केंद्राने लावलेल्या जादा आकारण्या. राज्यांशी वाटून घ्यायचं ते या 1.40 मधलंच. त्याचे 41 टक्के, म्हणजे 57 पैसे, सगळ्या राज्यांचे. केंद्राच्या करांची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला दिलेला 6.317 टक्के वाटा त्यातून काढा, हाती येतात साधारण साडेतीन पैसे. (व्हॅट राज्य वेगळा घेतं, आणि हात राखून घेत नाही, हेही मान्य.) नंतर दर खाली-वर झाले, मेख तीच आहे.

ती मेख राज्यघटनेच्या कलम 270 मध्ये आहे. 2000 सालच्या 80व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा रुंद केला, पण उपकर-अधिभार बाहेर ठेवले. मग जो कर वाटावा लागत नाही तोच दिल्ली वाढवणार, कुणीही वाढवेल.

अमेरिकेत 34 राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली तर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलवावी लागते. आजवर तसं घडलेलं नाही, पण दार आहे. आपल्याकडे कलम 368 प्रमाणे घटनादुरुस्तीची सुरुवात संसदेतच होते. काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची संमती लागते, पण कलम 270 त्या यादीत नाही. आमचा वाटा बदलताना आम्हाला विचारायचंही कारण नाही!

जीएसटीच्या घटनादुरुस्तीला मात्र राज्यांची संमती लागत होती. 2016च्या ऑगस्टमध्ये, आपण मुख्यमंत्री असतानाच, त्यासाठी विशेष अधिवेशन झालं. मुंबईची जकात गेली. जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. दिल्लीच्या मनात नसेल तर सगळी राज्यं एक होऊनही ठराव पडतो.

तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये केंद्र-राज्य संबंध तपासायला न्या. कुरियन जोसेफ यांची समिती नेमली. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांची भाषा आपल्याला रुचणार नाही, हरकत नाही. आपल्या भाषेत मांडा. पाच वर्षांहून जुना उपकर वाटपात धरावा आणि कलम 270 ला राज्यांची संमती लागावी, एवढाच ठराव दोन्ही सभागृहांत आणा. बंधनकारक नसेल, पण दिल्लीत सरकार आपल्याच पक्षाचं आहे, तेव्हा टपाल तरी पोहोचेल. नागपूरच्या अधिवेशनातली एक दुपार पुरे.

आपला,
एक करदाता