विकर परजीवीचे की रुग्णाचे?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुमच्या प्रश्नाला मी घाईत अपुरे उत्तर दिले, म्हणून हे पत्र. गडचिरोलीच्या पाड्यांवर तापाच्या रुग्णांच्या बोटांतून काचपट्टीवर रक्त घेण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनी "तुम्ही मोजता ते विकर जंतूचे, की रुग्णाच्याच रक्ताचे?" असे विचारावे यात नवल नाही. मलेरियाच्या परजीवीतले विकर (पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, म्हणजे एन्झाइम) मोजण्याच्या आमच्या कामाची खरी अडचण तीच आहे.

मलेरियाचा फाल्सिपेरम हा परजीवी स्वतःला लागणारी प्युरीन द्रव्ये (डीएनए-आरएनएचा कच्चा माल) मुळापासून बनवू शकत नाही. तो हायपोझँथिन हे तयार प्युरीन रक्तातून उचलतो आणि एका विकराच्या साहाय्याने त्याला फॉस्फेट असलेली साखर जोडून वापरण्याजोगे करून घेतो. ते विकर बंद पाडता आले तर परजीवीची उपासमार होईल, म्हणून त्याचा वेग मोजायचा. परंतु हेच काम करणारे विकर माणसाच्या तांबड्या पेशीतही असते. गेल्या पावसाळ्यात मी आठवडाभर हायपोझँथिनवर प्रयोग केले, यंत्राच्या आलेखावर तयार झालेल्या पदार्थाची छान शिखरे मिळाली, आणि मग परजीवी नसलेल्या रक्तावर तोच प्रयोग केला तेव्हा तेच शिखर तिथेही उभे राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्ग झँथिन या दुसऱ्या प्युरीनमुळे सापडला. परजीवीचे विकर झँथिनही स्वीकारते. माणसाचे त्याला जवळजवळ शिवतही नाही. आता आम्ही सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्याने तांबड्या पेशी फोडून परजीवी मोकळे करतो, ते पुनःपुन्हा धुतो, त्यांचा अर्क काढून 37 अंशांवर त्यात झँथिन आणि ती साखर घालतो आणि ठरल्या मिनिटाला परक्लोरिक आम्ल टाकून क्रिया थांबवतो. (हे परजीवी रुग्णांकडून आणलेले नसतात, आई, 1976 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी ते मानवी रक्तात, मेणबत्ती पेटवून झाकलेल्या भांड्यात सतत वाढवून दाखवले, तेव्हापासून ते प्रयोगशाळेतच वाढवता येतात.) मग नळी बर्फात ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले की तळाशी पांढरा साका बसतो. पावसाळ्यात तू तुरटी फिरवून पाणी निवळायचीस, तशी वरची निवळ तेवढी घ्यायची आणि गाळून, मिश्रणातली द्रव्ये वेगवेगळी करणाऱ्या यंत्रात सोडायची.

यंत्रातला कॉलम म्हणजे बारीक कण ठासून भरलेली, वीतभर लांबीची पोलादी नळी. फॉस्फेट जोडलेला पदार्थ पाण्याबरोबर चटकन बाहेर पडतो. उरलेले झँथिन कणांशी रेंगाळत मागून येते. 254 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात दोन्ही दिसतात. पहिल्या शिखराचे क्षेत्रफळ माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी ताडले की दर मिनिटाला किती पदार्थ तयार झाला ते कळते.

या सोमवारी परजीवींच्या अर्काच्या आलेखात ते शिखर स्वच्छ उभे होते, आणि नुसत्या रक्ताच्या आलेखात त्याच जागी रेषा सपाट होती. दोन्ही कागद सोबत पाठवत आहे. बाबा, निळ्या शाईने खूण केली आहे ती जागा चष्मा लावून नीट पाहा.

तुमची,
सुमा