पीएम रूमच्या काकाजींना, जाहीर आभार

नागपूर

ती. काकाजींना,
सा. न. वि. वि.

पुस्तक छापून आलं. सुरुवातीला ऋणनिर्देश आहे. त्यात प्रकाशक आहेत, चित्रकार आहे, माझे मिस्टर आहेत (त्यांनी एकही कथा पूर्ण वाचलेली नाही, पण रात्री एकपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा जळतो म्हणून कधी कुरकुरही केली नाही). तुम्ही मात्र नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. "माह्यं नाव नोको टाकू पोरी. मेलेल्यायच्या गोष्टी बाहेर सांगते म्हनतीन लोकं." म्हणून नाव न घेता हे पत्र जाहीरच लिहिते. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांना तुम्ही कोणीही काकाजी वाटाल. नागपुरात काकाजींना तोटा नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बसते आणि घरी आल्यावर झॉम्बींच्या, म्हणजे चालत्या मुडद्यांच्या, विनोदी कथा लिहिते. हे वाक्य मी लग्नकार्यात बोलत नाही. सासूबाईंनी दिवेलागणीनंतर तो विषयच बंद केलाय. साहित्याच्या मंडळींचा प्रश्न वेगळा असतो: आपल्याकडे भुतं कमी पडली का, की तुम्हाला परदेशातून मागवावी लागली? कमी नाहीत, उलट फार आहेत, आणि अडचण तीच आहे. मुंजाला सोडमुंज व्हायच्या आधीच मेल्याचं दुःख असतं आणि राहायला पिंपळ असतो. समंधाचा जीव पुरलेल्या धनात. वेताळाची अमावास्येला पालखी निघते, म्हणजे त्याला तर लवाजमाही आहे. आपल्या प्रत्येक भुताला इच्छा आहे, पत्ता आहे, मान आहे. नारळ फोडला की बोलणी सुरू होतात. झॉम्बीला यातलं काही नाही. तो नुसता येतो, घोळक्याने येतो, आणि रांगेत उभा असल्यासारखा पुढे सरकतो. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये माझ्या खिडकीसमोर जे दृश्य असतं त्याला याहून जवळचं पात्र मला सापडलं नाही. पेन्शनर मंडळींनी रागावू नये, काचेच्या आतले आम्हीही त्यातलेच.

त्याच नोव्हेंबरात तुम्ही आलात, हयातीचा दाखला द्यायला. मशीनवर अंगठा लागेना. तुम्ही शर्टाला पुसून परत ठेवला, तरी लागेना. मागची रांग चुळबुळ करायला लागली आणि तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "जल्मभर मेलेल्यायच्या पायाले चिठ्ठ्या बांधल्या म्या. आता मी जित्ता आहो याची चिठ्ठी तू दे." मी विचारलं, काकाजी नोकरी कुठं होती? "पीएम रूमले." म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत. मागच्या आजोबांनी एक पाऊल मागे घेतलं. मी मात्र, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात टाळी वाजवली.

तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होते? पण रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटायचं कबूल केलंत. तिथं मी वही काढून, अजून दुसरा चमचाही तोंडात गेला नव्हता, विचारलं की मुडदा चालायला लागला तर कसा चालेल. तुम्ही तर्रीत लिंबू पिळलं आणि सुरू केलंत. शेजारच्या बाकावरची दोन पोरं प्लेटा उचलून पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

त्या सकाळी तुम्ही जे सांगितलंत त्यावर माझी अख्खी शीर्षककथा उभी आहे, म्हणून ते इथं नीट लिहिते. मेल्यावर साधारण दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं, पण सगळीकडे एकदम नाही. आधी पापण्या, मग जबडा, मान, मग हात, शेवटी पाय. बाराएक तासांत माणूस पुरता लाकूड होतो. आणि मग सुटतंही त्याच क्रमाने: जबडा आधी, पाय शेवटी. नंतर मी न्यायवैद्यकाच्या पुस्तकात कारण वाचलं. स्नायू आखडला की सैल व्हायला त्याला एटीपी नावाचं इंधन लागतं आणि मेल्यावर ते बनत नाही. तुम्हाला एटीपी माहीत नव्हतं, पण क्रम तोंडपाठ होता. "आखडलेला हात उघडून अंगावरचा सदरा काढा लागते," तुम्ही म्हणालात, "तवा समजते कोनतं अगोदर सुटते ते."

माझा नायक म्हणजे सेवानिवृत्त शिपाई. रात्री झोपेत जातो आणि सकाळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत येऊन उभा राहतो. तुमचा पहिला आक्षेप इथेच होता. "याचा जबडा तं लागला आहे. हा बोलन कसा?" मी म्हटलं, मग गप्प ठेवते. तुम्ही म्हणालात, "ठेव. रांगेत कोन बोलते?" कथेचा पूर्वार्ध असा तयार झाला. खिडकीवरची बाई विचारते, आधार आणलं का, पासबुक आणलं का; हा हूं की चूं करत नाही, आणि बँकेत इतका समजूतदार ग्राहक कोणी पाहिलेला नसतो. त्याला आदराने खुर्ची देतात. बसता येत नाही. उद्या या म्हणतात. दुसऱ्या दिवशी जबडा सुटलेला असतो, पाय अजून काठी, आणि तो तोंड उघडतो ते थेट तीस वर्षांच्या थकबाकीवर. हे वळण मी टेबलाशी बसून शोधलेलं नाही. ते मेलेल्या माणसाच्या शरीरातच होतं, तुम्ही नुसतं दाखवलंत.

पायाचंही तुमचंच. रक्त खाली उतरतं, उभा असेल तर पायात. म्हणून तो बूट घालत नाही, जावयाची रबरी चप्पल घालून येतो आणि त्यावरून सिक्युरिटीवाला त्याला अडवतो. चित्रकाराने मुखपृष्ठावर तीच चप्पल काढली आहे, निळ्या पट्ट्यांची. पाय जांभळा रंगवू नका असं प्रकाशकांचं म्हणणं होतं. मी अडून बसले.

आणि ऋतू. मला कथा मे महिन्यात हवी होती, कारण नागपूर म्हटलं की वाचकाला ऊनच दिसतं. मे 2013मध्ये आपला पारा 47.9 अंशांवर गेला होता, असलं काहीतरी झकास वाक्य डोक्यात तयार होतं. तुम्ही दोन बोटं नाकाशी नेलीत फक्त. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो, आणि मग जे सुरू होतं त्यावर विनोद होत नाही. हे कळल्यावर माझ्या लक्षात आलं की परदेशी झॉम्बी महिनोन्महिने शहरं पालथी घालत फिरतात ते आपल्या विदर्भात आठवडाभरही टिकायचे नाहीत. आमच्याकडे हा धंदा दिवाळी ते संक्रांत एवढाच चालू शकतो. पुस्तकातल्या सगळ्या कथा थंडीतल्या आहेत त्या त्यामुळे. एक तर हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतली आहे. त्यात सिव्हिल लाइन्समध्ये फिरणारे झॉम्बी कोणते आणि फाइली घेऊन आलेले कोणते, हे शेवटपर्यंत पोलिसांना कळत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती हैतीची गोष्ट. झॉम्बी मुळात तिथला. फ्रेंचांची उसाची वसाहत, आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. 1804मध्ये त्यांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, पण भीती लोककथांत राहिली. त्या कथांतला झॉम्बी कोणाला चावत नाही. चावणं फार पुढचं, 1968च्या एका अमेरिकन सिनेमापासून. हैतीतला मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि शेतात कामाला जुंपतो. तिथल्या माणसाला झॉम्बी आपल्याला खाईल याची भीती नव्हती, आपलाच झॉम्बी होईल याची होती. मी हे तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगत होते आणि तुमचा चमचा मध्येच थांबला.

"म्हंजे मेल्यावरबी ड्युटी?"

हो.

"अन् पगार?"

नाही.

"मंग रोजंदारीच होय ते." आणि हसलात, चांगलं ठसका लागेपर्यंत. पाणी प्यायल्यावर सांगितलंत की किती वर्षं तुम्ही मस्टरवर होतात, कायम व्हायच्या आधी. किती ते इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. एवढंच की झॉम्बीवर मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा तुम्हाला तो आधी कळला.

त्याच लोककथांत मिठाचा उल्लेख येतो. झॉम्बीला आळणी खायला घालतात, कारण मीठ चाखलं की त्याला शुद्ध येते, आपण मेलोय हे आठवतं आणि तो उठून आपल्या कबरीकडे चालायला लागतो. मी ही माहिती म्हणून सांगितली होती. तुम्ही लगेच, "मंग तर्री पाज त्याले." शेवट मिळाला! दाखल्यावर शिक्का पडणार तेवढ्यात रांगेतला एक दयाळू माणूस नायकाला ठेल्यावरून पोहे आणून देतो, वर तर्री, आणि नायक पहिल्या घासाला थांबतो. मग खिडकीतल्या बाईला प्रामाणिकपणे सांगतो की मॅडम, माझ्याकडून चूक होत होती, मी हयात नाही. बाई म्हणते, तसं लेखी द्या. वाचकांचे फोन येतात ते या वाक्यासाठी, आणि बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी यावर अजून काही प्रतिक्रिया दिलेली नाही.

पुढे तुम्ही हस्तलिखितंही वाचायला लागलात, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधून. व्याकरणाला हात लावला नाहीत. मुडदे मोजलेत. समासात पेन्सिलीने आकडे, रजिस्टरसारखे. "पान चारवर सात होते. सहावर नऊ झाले. दोन कोन आनले? पंचनामा कुठं आहे?" संपादक भाषा तपासतात, मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतात, मेलेल्यांचा हिशेब लागला पाहिजे असं वाटणारा वाचक मला दुसरा भेटलेला नाही. तुमच्यामुळे माझ्या प्रत्येक झॉम्बीला आता कोणीतरी आहे. कुठून आला, अंगावर कपडे काय, पायाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे मी कथेआधी वहीत लिहून ठेवते. गर्दीतल्या अकराव्या झॉम्बीलाही. छापताना त्यातलं काही येत नाही, पण तो नीट चालतो.

एकदा मी म्हटलं, वासाचं वर्णन जमत नाहीये. उत्तर आलं, "वास नोको लिहू. वास घेनाऱ्याचं तोंड लिही." मग तुम्ही पहिल्यांदाच ड्युटीवर आलेल्या एका तरुण शिपायाची नक्कल करून दाखवलीत. तो रुमाल नाकाला लावत नव्हता, कारण साहेब बघतील. नुसता वरचा ओठ नाकाकडे चढवून उभा होता, आणि तशाच ओठाने "हो सर" म्हणत होता. तो ओठ तिसऱ्या कथेत जसाच्या तसा आहे.

पीएम रूम आतून बघायची माझी फार इच्छा होती. ओळखी काढून जमलंही असतं. तुम्ही साफ नाही म्हणालात, ते पाहायला जायचं ठिकाण नव्हे. त्याऐवजी बाहेरच्या बाकाबद्दल सांगितलंत. तिथं बसलेली माणसं रडत नसतात पुष्कळदा. पोलिसांचा कागद कुठे मिळतो, शववाहिकेला किती लागतील, घड्याळ काढून घेतलंय ते परत मिळेल का, हे विचारत असतात, आणि ज्याला विचारावं तो जेवायला गेलेला असतो. तुम्ही त्यांना चहा आणून द्यायचात आणि कुठला कागद कुठल्या टेबलावर ते सांगायचात. तेवढं सांगून झाल्यावर म्हणालात, "रडनाऱ्यावर हासाचं नाही. टेबलावर हास. लय टेबलं आहेत." मी ती अट पाळली आहे. पुस्तकात मेलेल्यांची टिंगल आहे, शिक्क्यांची आहे, माझी स्वतःची तर पानोपानी आहे. पण नायकाची बायको जिथं येते तिथं एकही विनोद नाही. एका परीक्षणात लिहिलंय की या प्रसंगात लेखिकेचा सूर सुटला. सुटू दे.

पुण्याच्या एका संपादकांनी पूर्वी कथा परत पाठवताना लिहिलं होतं की भय आणि हास्य मराठी वाचक एका ताटात घेत नाही. त्यांना एकदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत आणून उभं करायला हवं. काळी मारबत 1881पासून निघते, पिवळी 1885पासून. एवढाली अक्राळविक्राळ सोंगं, सोबत त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे बडगे, म्हणजे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत खिदळणारी ही गर्दी. लहान पोरं बापाच्या खांद्यावर. शेवटी सगळं जाळून लोक घरी जेवायला जातात. आम्ही हे ताट सव्वाशे वर्षांहून जास्त काळ वाढतोय.

आणि खरं तर या पत्राचं अर्धं काम हेच आहे. नवीन कथा मारबतीच्या मिरवणुकीतली आहे. बडग्यांच्या गर्दीत एक खरा मुडदा चालतोय आणि लोक त्याला कलाकार समजून त्याच्यासोबत फोटो काढतायत. पण ऋतू चुकतोय, हे मला दिसतंय. पोळा म्हणजे श्रावण अमावास्या, ऑगस्टचा शेवट, पाऊस, दमट हवा, वर गुलाल. मिरवणूक सकाळी निघून दुपारपर्यंत चालते. हा माणूस पहाटे गेला असं धरलं तर जबडा नेमका कधी लागेल? त्याला "घेऊन जा गे" एवढं एकदा तरी ओरडता यायला हवं, त्याशिवाय कथा बसत नाही. पेन्सिल घेऊन या. मुडदा या वेळी एकच आहे, मोजायला त्रास नाही. रविवारी साडेआठला, नेहमीच्या ठेल्यावर. पोह्यांचे पैसे मी देणार आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही.

तुमची,
खिडकीवरची पोरगी