रक्ताची हाक जुन्याच फोनवर गेली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अ‍ॅप बनवणारे आणि वापरणारे असे दोघेही आपले वृत्तपत्र वाचतात. मला जे सांगायचे आहे ते या दोघांनाही एकदमच सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

मी गेली ११ वर्षे हायब्रिड अ‍ॅप बनवते. हायब्रिड अ‍ॅपच्या आत वेबपेज असते आणि बाहेरून फोनच्या भाषेत बोलणारे एक कवच असते. एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतो, त्यामुळे कमी माणसांवर चालणाऱ्या संस्थांना हा मार्ग सोयीचा पडतो. रक्तदात्यांच्या अशाच एका मंडळाचे अ‍ॅप मी सांभाळते. पूर्वी त्यात ईमेल आणि पासवर्ड लागायचा. पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नसे, आणि रक्ताची गरज पडली की कार्यकर्ते यादी हातात घेऊन एकेका दात्याला फोन करत बसत. म्हणून दोन गोष्टी नव्याने घालायचे ठरले. मोबाइल नंबर आणि ओटीपीने लॉगिन व्हावे, आणि गरज पडताच त्या रक्तगटाच्या दात्यांच्या फोनवर नोटिफिकेशन जावे.

मी ही दोन वेगळी कामे धरली. लॉगिनचे प्लगइन, म्हणजे अ‍ॅपला जोडायचा तयार कोडचा तुकडा, वेगळे, नोटिफिकेशनचे वेगळे. एक काम एका आठवड्यात, दुसरे पुढच्या आठवड्यात. दोन्ही कामे आपापल्या जागी चोख चालत होती. चूक त्यांच्या मधल्या जागेत होती, आणि ती माझी होती.

एका रात्री ए निगेटिव्ह रक्ताची मागणी आली. आमच्या यादीतला त्या गटाचा सर्वांत जवळचा दाता घरीच होता, जागाही होता, पण त्याला काहीच कळले नाही. नोटिफिकेशन गेले होते, सर्व्हरवर तशी नोंदही होती. ते वाजले त्याच्या जुन्या फोनवर. तो फोन त्याने काही महिन्यांपूर्वी मुलीला अभ्यासाला दिला होता. त्यात सिम नव्हते, पण वायफाय होते आणि आमचे अ‍ॅपही तसेच होते. मुलगी झोपली होती. कार्यकर्त्यांनी पूर्वीसारखेच यादीतून फोन करत करत दुसरा दाता मिळवला, म्हणून वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी त्या दात्याचा मला फोन आला. तो चिडला नव्हता. एवढेच म्हणाला, "ताई, मी जागा होतो. मला का नाही कळवलंत?"

कारण शोधायला मला अर्धा तास पुरला. फोनवर अ‍ॅप बसले की गुगलची एफसीएम किंवा अ‍ॅपलची एपीएनएस ही नोटिफिकेशन पोहोचवणारी सेवा त्या अ‍ॅपला एक टोकन देते. हे टोकन म्हणजे त्या फोनवरच्या त्या अ‍ॅपचा पत्ता. फोन कुणाच्या हातात आहे, हे टोकनला ठाऊक नसते. नंबर कुणाचा, हे ओटीपी सांगतो, पण नोटिफिकेशन कुठे पाठवायचे ते ओटीपी सांगत नाही. ही दोन टोके जुळवण्याचे काम अ‍ॅप बनवणाऱ्याचे आहे. मी टोकन फक्त पहिल्या नोंदणीच्या वेळी सर्व्हरवर लिहीत होते. दात्याने नव्या फोनवर लॉगिन केले तेव्हा सर्व्हरने नंबर ओळखला, जुनाच सदस्य म्हणून आत घेतले आणि पत्ता मात्र जुन्या फोनचाच ठेवला.

त्या घटनेची दुसरी बाजू मला जास्त लागली. सकाळी त्या मुलीने फोन हातात घेतला तेव्हा लॉक स्क्रीनवर रुग्णाचे नाव आणि आजार दोन्ही दिसत होते. ज्याला कळायला हवे होते त्याला कळले नाही, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्यापुढे एका आजारी माणसाची खासगी माहिती गेली.

आता लॉगिन झाले की दर वेळी टोकन नव्याने घेतले जाते आणि त्या नंबरला जोडले जाते. अ‍ॅप उघडले की ते तपासलेही जाते, कारण अ‍ॅप काढून पुन्हा टाकले किंवा त्याचा डेटा पुसला तरी टोकन बदलते. एक टोकन एका वेळी एकाच माणसाच्या नावावर राहते. दुसऱ्याने त्याच फोनवर लॉगिन केले की पहिल्याची गाठ आपोआप सुटते. लॉगआउट करताना नेट नसेल तरी हा नियम पुढे सांभाळून घेतो. सहसा अ‍ॅप फोनवरून काढून टाकले तर पुढे कधीतरी एफसीएम कळवते की हा पत्ता आता नाही. वापरच थांबला तर अँड्रॉइडवर ते टोकन २७० दिवसांनी बाद धरले जाते. पण जुना फोन घरातच चालू असेल तर कुणीही काहीही कळवत नाही. लॉक स्क्रीनवर आता फक्त रक्तगट आणि 'तातडीची गरज' एवढेच येते. नाव आणि पत्ता लॉगिन केलेल्या अ‍ॅपच्या आत.

एवढ्यावर भागले असते तर मी पत्र लिहिले नसते. काही आठवड्यांनी आणखी एका दात्याने सांगितले की नोटिफिकेशन आले, त्याने त्यावर बोट ठेवले, पण पुढे मागणी दिसलीच नाही. मी तोच क्रम माझ्या फोनवर करून पाहिला. नोटिफिकेशन दाबले, अ‍ॅपने नंबर मागितला, ओटीपी आला, तो टाकला आणि मुखपृष्ठ उघडले. मंडळाची माहिती, फोटो, सगळे होते, पण ज्या मागणीसाठी बोट ठेवले ती कुठेच नव्हती. नोटिफिकेशन वरून केव्हाच नाहीसे झाले होते. दात्याने आता शोधायचे तरी कुठे?

तो मुळात लॉगआउट झालाच का, हेही शोधले. लॉगिनची खूण मी वेबपेजच्या लोकल स्टोअरेजमध्ये ठेवली होती. फोनमधली जागा भरत आली की फोनची प्रणाली ही जागा परस्पर मोकळी करू शकते. हायब्रिड अ‍ॅपमध्ये ही खूण फोनच्या सुरक्षित कप्प्यात, म्हणजे आयफोनवर कीचेनमध्ये आणि अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आधाराने ठेवायची असते. तशी ती हलवली. आणि नोटिफिकेशन दाबून आलेल्या माणसाला लॉगिन करावे लागलेच, तर तो कुठे निघाला होता ते आधी लिहून ठेवले जाते आणि ओटीपी जुळताच थेट तिथेच नेले जाते.

ही दोन कामे एकच आहेत याचा आणखी पुरावा आयफोनने दिला. फायरबेस या गुगलच्या सेवेने आम्ही नंबर तपासतो; ही पडताळणी करताना आयफोनवर आधी एक मूक नोटिफिकेशन येते. ओटीपीची मागणी खऱ्या अ‍ॅपकडूनच आली आहे ना, याची ती खात्री असते. माझे नोटिफिकेशनचे प्लगइन येणारे सगळे संदेश स्वतःकडेच घेत होते. लॉगिनच्या प्लगइनला त्याचा संदेश मिळेना, मग ओटीपी निघेना. दोन दिवस मी लॉगिनच्या कोडमध्ये चूक शोधत बसले, आणि ती दुसऱ्याच फाइलमध्ये होती. अँड्रॉइडवर दुखणे वेगळे. तिथे अ‍ॅपच्या डिजिटल सहीचा ठसा फायरबेसकडे नोंदवावा लागतो. प्ले स्टोअर अ‍ॅपवर स्वतःजवळच्या किल्लीने पुन्हा सही करते, ठसा बदलतो, आणि माझ्या टेबलावर चालणारे लॉगिन स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये बंद पडते. म्हणून स्टोअरवरून उतरवलेल्या प्रतीवर चाचणी केल्याशिवाय मी आता काम झाले असे म्हणत नाही.

आता खास मराठी वाचकांची एक गोष्ट. एका वयस्क दात्याला ओटीपी टाकूनही 'चुकीचा कोड' असेच उत्तर येत होते. तीनदा आले. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना फोन कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितला. चौकटीत स्वच्छ लिहिले होते ४८०२१७. संदेशातही तोच आकडा. त्यांचा कीबोर्ड मराठी होता आणि आकडे देवनागरी होते. अ‍ॅपमधले वेबपेज ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टच्या लेखी आकडा म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. आपले ४ हे अक्षर तिला आकडाच वाटत नाही. दुरुस्ती एका ओळीची होती, देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून मग तपासायचे. पण त्या आजोबांना आपल्याच हातून काहीतरी चुकते आहे असे वाटत होते आणि ते माझी क्षमा मागत होते. मराठी माणसाने मराठी आकडे लिहिले, यात त्यांचे काय चुकले? मराठीसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ घालावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

परवानगीबद्दलही थोडे. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नोटिफिकेशनसाठी वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. आयफोनवर तर ती पूर्वीपासूनच मागावी लागते. आयफोन हा प्रश्न एकदाच विचारू देतो. अँड्रॉइडवर दोनदा नकार मिळाला की पुन्हा विचारता येत नाही, मग सेटिंग्जमध्ये जाऊनच ती चालू करावी लागते. बरीच अ‍ॅप उघडल्या उघडल्या हा प्रश्न पुढे करतात. समोरच्याला अजून अ‍ॅप कशाचे आहे तेच कळलेले नसते, तो 'नाही' म्हणतो, आणि त्याचे बरोबरच आहे. आम्ही आता लॉगिन झाल्यावर, रक्तगट भरल्यावर विचारतो, आणि कशासाठी ते दोन ओळींत आधी सांगतो. अँड्रॉइडवर २०१७ पासून नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनेल करता येतात. रक्ताची मागणी एका चॅनेलवर आणि मंडळाच्या बातम्या दुसऱ्यावर, म्हणजे बातम्यांचा कंटाळा आलेला माणूस मागणी बंद करून टाकत नाही. 'तातडीचे' हा दर्जाही फक्त मागणीलाच दिला आहे. शुभेच्छा पाठवायला तो वापरणे मला अपराध वाटतो, कारण फोन झोपेत असताना त्याला उठवण्याचा तो अधिकार आहे.

एक प्रश्न मात्र माझ्याकडून पुरता सुटलेला नाही. बंद केलेला मोबाइल नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. त्या नव्या माणसाने आमचे अ‍ॅप घेतले तर ओटीपी त्याच्याकडे येणार आणि आधीच्या दात्याचे खाते त्याच्यापुढे उघडणार. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एसएमएसने येणाऱ्या कोडला मर्यादित वापराच्या वर्गात ठेवले, त्यामागे नंबर दुसऱ्याच्या हाती जाण्याची भीती हेही एक कारण आहे. बराच काळ शांत असलेल्या नंबरवरून लॉगिन झाले तर आम्ही जुनी माहिती न दाखवता जन्मतारीख विचारतो. हा उपाय अपुरा आहे हे मला माहीत आहे. यावर कुणी चांगला तोडगा काढला असेल तर मला तो जरूर शिकायचा आहे.

वाचकांना विनंती अशी की जुना फोन कुणाला देण्याआधी, घरातल्या माणसाला देत असाल तरी, त्यातल्या अ‍ॅपमधून लॉगआउट करावे. नंबर बदलणार असाल तर जुने सिम चालू असतानाच अ‍ॅपमध्ये नवा नंबर नोंदवावा.

आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी एक चाचणी करून पाहावी. दोन फोन आणि एक नंबर घ्यावा. पहिल्या फोनवर लॉगिन करावे, मग लॉगआउट न करता दुसऱ्यावर करावे, आणि नोटिफिकेशन पाठवून कोणता फोन वाजतो ते पाहावे. मग पहिल्या फोनवर दुसऱ्या नंबराने लॉगिन करून पहिल्या माणसाचे नोटिफिकेशन पुन्हा पाठवावे. शेवटी दुसऱ्या फोनवरचे लॉगिन मुद्दाम संपवून नोटिफिकेशन दाबावे आणि ओटीपीनंतर कोणते पान उघडते ते बघावे. आमच्या अ‍ॅपमधला हा सगळा भाग मी कुणालाही बसून दाखवायला तयार आहे, त्यासाठी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधता येईल.

आपली,
एक वाचक आणि अ‍ॅप विकसक