शेजाऱ्याच्या घटनेत आपली ढवळाढवळ कशाला?

महोदय,

नेपाळने पुन्हा राजा आणावा, हिंदू राष्ट्र व्हावे, असे सुचवणारी वाचकपत्रे अधूनमधून वाचायला मिळतात. लिहिणारे आपल्याच ठाणे-डोंबिवलीकडचे. नेपाळमध्ये मत असलेला त्यांत एकही नसावा.

निवडून आलेली सभा देशाची घटना लिहील, असे राजे त्रिभुवन यांनी १९५१ मध्येच जाहीर केले होते. ती सभा उजाडायला २००८ साल लागले. मधल्या काळात राजे महेंद्र यांनी १९५९ मध्ये स्वतःच घटना दिली आणि पुढच्याच वर्षी संसद गुंडाळली. पहिली संविधान सभा २०१२ मध्ये काम अर्धवट टाकून संपली. दुसरीची घटना २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झाली. दोन्ही सभांत ६०१ पैकी ५७५ सदस्य प्रौढ मतदानाने आलेले. आपली घटना समिती प्रांतिक विधिमंडळांनी निवडली होती आणि त्या विधिमंडळांचा मताधिकारही मर्यादित होता. तेव्हा उपदेश जरा बेतानेच करावा.

घटनेत खोट नाही असे नव्हे. भारताच्या सीमेलगतच्या मैदानी भागातले मधेशी संतापले होते. आईच्या नावावर नागरिकत्व मिळताना येणाऱ्या अडचणींवरून स्त्रियाही भांडल्या. चार महिन्यांत पहिली दुरुस्ती झाली, ती मधेशी पक्षांना अपुरी वाटली. पण मधेशी हेही नेपाळीच. हे भांडण त्यांच्या घरातले. चिलीच्या जनतेने तर २०२२ आणि २०२३ मध्ये नव्या घटनेचे दोन्ही मसुदे सार्वमतात फेटाळले. नको म्हणण्याचा हक्कही तिचाच.

२०१५ मध्ये सीमेवर मालाचे ट्रक अडकले. नेपाळ म्हणे, भारताने अडवले. भारत म्हणे, घटनेवर चिडलेल्या मधेशी आंदोलकांनी. त्या दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, दिवसांत आमच्या सानपाड्याच्या सोसायटीचा वॉचमन गेटपाशी बायकोशी फोनवर बोलत होता. गावी सिलिंडर मिळत नव्हता, भात चुलीवर शिजत होता. फोन ठेवून त्याने मला विचारले, "साहेब, कायदा आम्ही आमच्यासाठी केला, तुमच्या लोकांना त्याचा राग का?" मला उत्तर सुचले नाही. (त्याला आम्ही सगळे 'बहादूर' म्हणतो. त्याचे खरे नाव वेगळे आहे, हे मला सहा वर्षांनी कळले.)

गेल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा एक नियम बदलण्यावरून आम्ही दोन तास भांडलो. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी त्यात सल्ला द्यायला आले असते, तर त्यांना कोणी चहासुद्धा विचारला नसता.

— एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई